तुरीच्या मुळावरच्या गाठी

अप्पा, तुमचे जिवाणू माझ्याकडे बिघडले. मेले असते तर परवडलं असतं. पण जिवंत आहेत, नळीत छान वाढतात, तुरीच्या मुळात शिरून गाठीही धरतात. फक्त काम करत नाहीत. यंदा नांदेडला माझ्या कॉलेजातल्या पोरींनी प्रयोगासाठी कुंड्यांत तूर लावली, बियाण्याला तुमच्याच जिवाणूंचं कल्चर चोळलं, आणि रोपं उपटून गाठी चिरल्या तेव्हा एकजण म्हणाली, "मॅडम, गाठी लई हायेत, पण आतून पांढऱ्याफटक हायेत." मी म्हणाले, ब्लेड नीट धर. ब्लेडचा काही दोष नव्हता.

पांढरी गाठ म्हणजे काय, हे मला तुम्हीच शिकवलं. लातूरला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही शेतकऱ्यांसाठी जिवाणू खताची पाकिटं भरायचात आणि शाळेतून आल्यावर मी त्यांची तोंडं बंद करायला बसायचे. तुम्ही सांगताय आणि मी ऐकतेय. हवेत नत्र भरपूर, पण तुरीला तो घेता येत नाही. जिवाणूला घेता येतो, पण त्याला खायला साखर हवी. मग मुळी मातीत वासासारखं काहीतरी सोडते, जिवाणू जवळ येतो, आपली ओळख देतो, आणि ओळख पटली तरच मुळीवरचा केस वळून त्याला आत घेतो. आत त्याला गाठीची खोली बांधून मिळते. दोघांचं जमलं की गाठ आतून गुलाबी होते. आपल्या रक्तातल्या रंगाचाच तो भाऊबंद. नाही जमलं तर पांढरी, म्हणजे जिवाणू आत बसून नुसता खातोय. अशा गाठीला तुम्ही घरजावई म्हणायचात, आणि सासुरवाडीला राहणारे आपले मामा समोर असले की जरा मोठ्यानं म्हणायचात.

हा जिवाणू तर तुमचा खास. पावसानं ताण दिला होता त्या साली किल्लारीच्या वाटेवर सगळ्या शिवारातली तूर पिवळी पडलेली आणि बांधावरचं एकच झाड हिरवंगार. तुम्ही जीप थांबवलीत, झाड मातीसकट खणून उपरण्यात बांधलंत, आणि लातूर येईपर्यंत ते मांडीवर धरून बसलात. जीपमधली माणसं कावली होती. मी तुमच्याशेजारी होते. म्हणून मला कायम वाटत आलं की त्या झाडाच्या गाठींतून तुम्ही काढलेला तो जिवाणू आपल्या दोघांचा आहे.

मग भोकरहून ती आली, शेडमध्ये तुमच्या हाताखाली काम शिकायला. माझ्याच वयाची, माझ्यासारखीच सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली, तुम्हाला सर म्हणणारी. मी शिकवायला नांदेडला गेले होते, सुट्टीत यायचे, आणि दर वेळी शेडमध्ये तिचं काहीतरी वाढलेलं असायचं. तिची खुर्ची, तिचा डबा, तुमच्या चहातली तिनं कमी केलेली साखर. आईनं आयुष्यभर सांगून तुम्ही ती कमी केली नव्हती.

पेरणीच्या तोंडावरचा तो दिवस तुम्हाला आठवतो का? शेडमध्ये शेतकरी जमलेत, बियाण्याला कल्चर कसं चोळायचं ते दाखवायचंय, आणि मीच पुढे होऊन म्हटलं, मी दाखवते. गुळाचं पाणी उकळून गार करायचं असतं. मला घाई, मी ते कोमटाहून जरा जास्तच असताना कल्चर त्यात ओतायला निघाले. तुम्ही बादलीत बोट घातलंत. "बोटाला सोसंना झालंय, त्येंला सोसंल व्हय?" म्हणालात. "हो बाजूला. तिला करू दे." तिनं पाणी गार होऊ दिलं, हलक्या हातानं बियाणं चोळलं, सावलीत गोणपाटावर पसरलं. आणि तुम्ही साऱ्यांना सांगितलंत, "हिच्या हाताला गुण हाय." एकानं तर आपलं अख्खं पोतं तिच्याच हातानं चोळून घेतलं. अप्पा, मी इतकी वर्षं हा विषय शिकवतेय. पहिल्या वर्षाच्या पोरींना मी आगरच्या थाळीवर बोटं टेकवायला लावते, आणि दोन दिवसांनी तिथे काय उगवतं ते दाखवते. हाताला गुण नसतो, जंतू असतात. दर वर्षी हे सांगताना मला तिचे हात दिसतात.

तिनं भोकरला स्वतःचा कारखाना काढायचं ठरवलं तेव्हा तुम्ही तिला घरी जेवायला बोलावलंत. आईनं पुरणपोळी केली होती, मी वाढत होते. जेवण झाल्यावर तुम्ही उठलात आणि शेडमधून जिवाणू उचलायची तुमची तारेची काडी आणलीत. पुढे बारीक कडं, मागे लाकडी मूठ, तुमच्या अंगठ्यानं एका बाजूला झिजलेली. ती तिच्या हातात दिलीत. मी तूप वाढत होते, ते जरा जास्तच पडलं. माझ्याकडे नळ्या आल्या त्या तुम्ही गेल्यावर, आणि त्याही आईनं दिल्या म्हणून.

त्या नळ्या मी जिवापाड जपल्या. तुम्ही म्हणायचात, "दरसाल त्येला रानात नेऊन आणायचं, नळीत राहून मुळीला इसरतो त्यो." मी नेलं नाही. मातीत हजार परके जिवाणू. त्यांतलाच कुणी गाठीत शिरून बसला तर तुमचा कोणता हे ओळखायचं कसं? म्हणून नळीतून नळीत, कुलपाच्या फ्रिजात, आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. कुणी मागितलं तरी दिलं नाही. आणि असं सांभाळता सांभाळता त्यांचं सगळं विसरून झालं.

शेवटी मी भोकरची बस धरली. ती जाड झालीय, केस रंगवते, हाताखाली बरीच माणसं आहेत. मला बघून तिला खरंच आनंद झाला, हेही मला आवडलं नाही. कारखान्यामागे तुरीच्या ओळी होत्या. तिनं एक झाड उपटलं, मुळं धुतली आणि नखानं गाठ फोडली.

"बघा ताई. अप्पांचंच हाय, किल्लारीचं. दरसाल मातीतून काढून घेते, तपासते, मंग नळीत भरते."

गुलाबी होती, अप्पा. गडद गुलाबी. मला पहिल्यांदा रागच आला. तुम्ही तिच्याकडे इतके बरे दिसत होतात. आणि अप्पा हे नाव तिनं कधीपासून घेतलं? तुम्ही होतात तोवर सर होतं.

"तुमच्याकडलं कसं हाय?" तिनं विचारलं.

"चांगलं आहे," मी म्हटलं. "तुलना करायला म्हणून हवं होतं."

"मंग अख्खं झाडच न्या की," ती म्हणाली, आणि दुसरं एक झाड मातीसकट डब्यात बसवायला लागली.

मग चहा झाला. बिनसाखरेचा. तुमची काडी बर्नरशेजारी खिळ्याला टांगलेली होती, मूठ आता दुसऱ्या बाजूनंही झिजलीय. चहा संपेपर्यंत मी वाट बघत होते, की ती म्हणेल, अप्पा तुमच्याबद्दल असं असं बोलायचे. ती पावसाबद्दल बोलली, सोयाबीनबद्दल बोलली. मला विचारता आलं नाही. डबा मांडीवर धरून मी बसमध्ये बसले, आणि नांदेड येईपर्यंत तो खाली ठेवला नाही.

आल्या आल्या गाठी स्पिरिटमध्ये बुडवल्या, धुतल्या, चिरडल्या आणि थाळीवर त्या रसाच्या रेघोट्या ओढल्या. हा जिवाणू सावकाश वाढणारा, रोज बघावं तर थाळी कोरी. आज सकाळी उगवला. दुधाळ, चिकट, दवासारखे बारीक थेंब, शेडमध्ये तुम्ही दाखवायचात तसेच. पुढच्या वर्षी त्याला मातीत नेईन, कुलूपही काढेन, पोरींच्या हातीही देईन.

तिचा फोनवर निरोप येऊन पडलाय: "ताई, अप्पा लागले का?" मी तो उघडलाय, उत्तर दिलेलं नाही. देणार आहे. तुम्ही माझ्याकडे जगलात हे तिला सांगायलाच हवं, तिचाच तो हक्क आहे. पण थोडे दिवस ते फक्त मला माहीत असू द्या.