साडेतीनला थांबणारा पंप

१७ ऑगस्ट
आईचा पंप आज पुन्हा थांबला. दुपारी साडेतीनला. हृदयाचं औषध थेंबाथेंबानं सोडणारा पंप — दीड मिनिट मुकाट. ना घंटा, ना लाल दिवा. मग आपोआप सुरू. आईचे ओठ पांढरे पडले होते. नर्स म्हणते, "नोंदीत तर काहीच नाही हो, बाई."
आई मात्र हसत होती. "तुझे बाबा येऊन गेले. ते आले की हे गप्प बसतं."
बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. मेलेली माणसं परत येतात तो भुतांचा महिना कालच लागलाय, म्हणून शेजारच्या खाटेवरच्या आजीनं हात जोडले. मी वैतागले. घाबरलेही.

२० ऑगस्ट
साडेतीनला दारातच उभी राहिले. सुरक्षारक्षक को-काका फेरीवर आले, वॉकीटॉकी तोंडाशी धरून म्हणाले, "तिसरा मजला ठीक." मागे पंप थांबला.
भूत कसलं, रेडिओच्या लहरी! माझा रोजचा धंदाच तो. यंत्रं पोलादी खोलीत कोंडायची, त्यांच्यावर लहरींचा मारा करायचा, डगमगली नाहीत तर पास. काकांना विनवलं, इथं बोलू नका. "नियम आहे पोरी, प्रत्येक मजल्यावरून बोलावंच लागतं." दुसरा पंप मागितला तर नर्स म्हणाली, सगळे याच जातीचे.
मग पंपाच्या पाठीवरची पट्टी वाचली. हा आमच्याच प्रयोगशाळेतून पास झालाय. सही माझी.

२१ ऑगस्ट
अन्न गोड लागत नाही. सांगितलं तर आधी मीच बुडणार.

२२ ऑगस्ट
जुना अहवाल काढला. फोटोत पंपाच्या डोक्यावर हिरवी पिशवी. नारळाच्या चवीचा कुरकुरीत खाऊ — नावाचाच अर्थ 'शहाण्यासारखं वाग'. यंत्र नीट चालावं म्हणून त्याच्यावर ठेवायचा; आमच्या शिंचू शहरात कुठलं यंत्र त्याशिवाय चालतं? हिरवीच हवी, न फोडलेली, मुदतीतली. पंप दोनदा नापास झाला तेव्हा आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख ज्वांग साहेब म्हणाले होते, "शिएबाई, नवी पिशवी ठेवा की." मीच ठेवली, बरोबर घंटेचा आवाज बाहेर पडायच्या फटींवर. तिसऱ्यांदा पास. आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.
कपाटातला नमुन्याचा पंप पोलादी खोलीत ठेवून लहरी सोडल्या. पिशवी ठेवली — चालू. काढली — बंद. पुन्हा ठेवली — चालू. मग पिशवी फाडली. आतून चकचकीत धातूचा पातळ थर. फटींतून शिरणाऱ्या सगळ्या लहरी तिनंच अडवल्या होत्या.
वीस वर्षं याच कामात आहे मी. खाऊची पिशवी दिसली, तिचं अस्तर दिसलं नाही. लाज वाटते.

२३ ऑगस्ट
ज्वांग साहेबांना दाखवलं. त्यांनी आधी खोलीचं दार लावलं. मग, "या महिन्यात जुनं उकरू नये, शिएबाई. आपली प्रयोगशाळा बंद पडेल. आईच्या पंपावर एक पिशवी ठेवा आणि गप्प बसा."
ठेवली. देवा, खरंच ठेवली मी! नर्सही खूश. साडेतीनला पंप थांबला नाही. आई डोळे मिटून पडून होती, आज बाबांचं नाव काढलं नाही. जिना उतरताना प्रत्येक खोलीतून पंपांची टिकटिक ऐकू येत होती. कुणाच्याच पंपावर पिशवी नव्हती.

२४ ऑगस्ट
नर्सनं पंप पुसताना पिशवी टेबलावर काढून ठेवली, परत ठेवायची राहिली. साडेतीनला को-काकांचं बोलणं लांबलं, पंप चार मिनिटं थांबला. आईला दोन डॉक्टरांनी वाचवलं. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "आज त्यांनी हात धरला होता. तू हाक मारलीस म्हणून सोडला."
आईच्या त्या हातावरून माझं लक्ष हटत नाही.

२५ ऑगस्ट
पत्रं पाठवली. कंपनीला, इस्पितळाला, आरोग्य खात्याला. चूक माझी, असं स्वच्छ लिहिलं. रोज माझ्यासोबत चहा घेणाऱ्या ज्वांग साहेबांनी माझ्या टेबलावरून आपला पेला उचलून नेला.

२९ ऑगस्ट
सगळ्या मजल्यांवर नवे पंप आले. वेगळ्या जातीचे. को-काका दारात उभे राहून खुशाल बोलले, पंप चालूच राहिला. आज खूप दिवसांनी पोटभर भात खाल्ला.

३० ऑगस्ट
आज भुतांची पौर्णिमा. आईनं तीनलाच केस विंचरून घेतले होते, डोळे दाराकडे. चार वाजले. पंप चालूच. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांची वाट तूच बंद केलीस ना?"