माळावर राहावं की पेठेत परतावं

कार्तिक वद्य ७
आळीत काल तीन उंदीर पडले. दोन हौदापाशी, एक समोरच्या चंद्राबाईच्या उंबऱ्यात. दुपारी दवंडी आली, प्लेग आहे, तीन दिवसांत घरं रिकामी करा. हे तहसिलीतून लवकर आले. म्हणाले, धोंडिबा पाटलाच्या माळावर जागा धरली आहे, वेशीपासून कोसभर. कडबा आणि तट्टे तोच देतो.
सासूबाई उठल्या. फळीवरचे डबे खाली काढायला लागल्या.
चंद्राबाईला म्हटलं, आमच्याबरोबरच चल. "तुमी व्हा पुढं. माळवदावर डाळ वाळत घातलीय, ती भरते आन् येते चार दिसांनी."

कार्तिक वद्य १०
झोपडी उभी राहिली. आम्ही दोघं, सासूबाई, लेक गंगू आणि रांगता बसू, पाच जणांना पुरेल एवढी. वाऱ्यानं कडबा सारखा वाजतो.
शेजारची झोपडी अमीनाबीची. नवरा पिंजारी. गावात, परंड्यात, आमच्यापासून दोन आळ्या सोडून राहायची. सात वर्षांत एक शब्द बोललो नव्हतो. काडेपेटी ओली झाली म्हणून आज तिच्याकडून विस्तव आणला.

कार्तिक अमावास्या
चंद्राबाई गेली. काखेत गाठ, दोन दिवस ताप. ह्यांनी येऊन सांगितलं आणि बाजेवर बसून राहिले.
त्या दिवशी हात धरून ओढत आणली असती तर

मार्गशीर्ष शु. ६
आज लक्षात आलं. इथं आल्यापासून माझा दमा एकदाही उठला नाही. पेठेत थंडी पडली की भिंतीला टेकून बसायचे, आडवं होता यायचं नाही. घराला लागून तंबाखूची वखार. तिची भुकटी अंथरुणात, पिठात, बसूच्या डोळ्यांत. इथं काल सगळं जोंधळ्याचं पीठ दळून झालं तरी छाती गप्प. कुणाला सांगितलं नाही. दृष्ट लागेल असं वाटलं.

मार्गशीर्ष शु. १२
शाळा बंद म्हणून गंगू नुसती हुंदडते. सकाळी तिला घेऊन बसले. अमीनाबीची हमीदा आली, धोंडिबाच्या दोन नाती आल्या. मातीत बोटानं अ, आ. जळकोटला माहेरी वडील मला दुकानाच्या ओट्यावर असंच शिकवायचे. आई, आमची अव्वा, म्हणायची, पोरीला कशाला? वडील ऐकल्यासारखं करायचे आणि पुढचं अक्षर काढायचे.
धोंडिबाची धाकटी नात लई चलाख. चार दिवसांत स्वतःचं नाव लिहिते.

पौष शु. ३
साथ गेली. घरांना धुरी देऊन झाली, लोक परतू लागले. हे जेवताना म्हणाले, "संक्रांत घरीच करू."
मी म्हटलं, "इथंच राहिलो तर?"
हसले. मग माझ्याकडं बघून हसायचे थांबले. "पावसाळ्यात काय करशील?"
"चार भिंती घालू. धोंडिबा जागा देतो म्हणतोय."
"तहसिलीतला कारकून माळावर राहतो, असं म्हणतील लोक."
"मला इथं श्वास येतो."
ह्यांनी ताट पुढं सरकवलं. हात धुऊन उठले.
सासूबाई मागं बसल्या होत्या. लिंगपूजा आटोपून सगळं ऐकलेलं. म्हणाल्या, "मला मठ जवळ पायजे. सणावाराला जंगम इथवर येतोय व्हय? आन् उद्या मी मेले तर मातीला माणसं कुठनं आणशील?"
त्यांचंही खोटं नाही. इथं दिवसभर त्यांच्याशी बोलायला कुणी नसतं. पेठेत ओट्यावर चार म्हाताऱ्या जमतात.

पौष शु. ९
घर झाडायला गेले. पदर तोंडाला बांधला होता तरी वखारीची भुकटी घशात गेली आणि छाती आवळली. ओट्यावर येऊन बसले. समोर चंद्राबाईच्या दाराला कुलूप. अमीनाबीही तिचं घर झाडायला आलेली, ती धावत आली, पाठ चोळत राहिली. हे दारात उभे. दमा त्यांनी वर्षानुवर्षं बघितलाय, पण आज पहिल्यांदाच बघितल्यासारखं त्यांचं तोंड झालं.
संध्याकाळी टांग्यातून माळावर आणलं. वाटेत एवढंच म्हणाले, "बघू."

पौष पौर्णिमा
अमीनाबी गावात परतली. गाडीवर पिंजायची कमान उभी बांधलेली. म्हणाली, "ऐसा खुल्ला मैदान फिर कहाँ मिलेगा बाई. पण गादी भरून घ्यायला लोक माळावर थोडेच येणार?" हमीदा गंगूच्या गळ्यात पडली. दोघी रडल्या नाहीत, मीच.
माळावर आता आमची झोपडी, आणि ओढ्यापलीकडं धोंडिबाचं घर.

पौष वद्य ४

गंगू सकाळी धोंडिबाच्या नातींकडं गेली असं समजले होते, दुपारी जेवायला हाक मारली तर दिसेना. धोंडिबाच्या घरी नाही, विहिरीवर नाही. विहिरीत वाकून बघितलं. धोंडिबा काठी घेऊन ओढ्याकडं गेला, तिथं गेल्या आठवड्यात लांडग्यानं कोकरू नेलं होतं. मी बसूला सासूबाईंच्या मांडीत टाकलं आणि गावाच्या वाटेनं पळत सुटले. छाती भरली, थांबले, पुन्हा पळाले.
पोरगी शाळेत होती. हमीदाच्या शेजारी बसलेली, पायांना धूळ गुडघ्यापर्यंत. बाई म्हणाल्या, "सकाळपासून आहे. मला वाटलं तुम्हीच पाठवलं."
येताना मारलं तिला. एकच, पण मारलं. मग विचारलं, न सांगता का गेलीस? म्हणाली, "तू शिकवतेस ते मला सगळं येतं. उर्दूचा धडा पुढं गेलाय."
सरकारी शाळेत सगळं उर्दूत, आणि मला उर्दू येत नाही. 

पौष वद्य ६
ठरलं. ठरलं म्हणजे, दुसरं काही सुचलं नाही. हे, सासूबाई आणि गंगू पेठेत. मी आणि बसू इथं, थंडी सरेपर्यंत. सोबतीला धोंडिबाची सून झोपायला येईल.
सासूबाई गाठोडं बांधताना म्हणाल्या, "लोक इचारतील, सून कुठं हाय. म्या काय सांगू?"
"दमा आहे म्हणून सांगा."
"दम्यापायी बाई नवऱ्याला सोडून ऱ्हात न्हाय."
गाडी निघाली तेव्हा मात्र उतरून परत आल्या. बसूचं टोपडं नीट बांधलं, माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "गार पाण्यात हात घालू नको."

माघ शु. ५
श्वास चांगला. बाकी काही चांगलं नाही.
बसूनं आज पाच पावलं टाकली. मी एकटीच बघणारी. टाळ्या वाजवल्या, त्यालाही कळेना कुणासाठी.

माघ शु. ११
काल जुम्म्याची, शुक्रवारची सुट्टी म्हणून गंगू आली होती. वेणी सासूबाईंनी घातलेली, घट्ट. सोडून परत घातली तर म्हणाली, "आजीचीच बरी होती." जाताना मात्र दोनदा मागं वळून बघितलं. गेल्यावर चूल पेटवली नाही. धोंडिबाच्या सुनेनं भाकरी आणून दिली.
एकीकडं श्वास, एकीकडं लेक. असं कुणी समोर मांडलं असतं तर मी क्षणात सांगितलं असतं, लेक. पण भिंतीला टेकून बसलेली आई तिला किती दिवस पुरणार?

माघ वद्य ३, शनिवार
बेस्तरवारी संध्याकाळी हे गंगूला घेऊन आले ते राहिलेच. सासूबाईंनी तिळाची चटणी पाठवलेली, निरोप काही नाही. काल दिवसभर हे माळावर हिंडले. धोंडिबाला विचारत होते, पावसाचं पाणी कुठून वाहतं, मुरूम किती हातांवर लागतो, विहीर उन्हाळ्यात आटते का. मी बाहेर जोंधळे पाखडत होते. सगळं तिथवर ऐकू येत होतं. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "आईला तो ओटा सोडवत नाही. तिला कसं विचारू ते कळत नाही."
आज पहाटे गंगूला उठवलं. म्हणाले, "टांगा नको. चालत जाऊ. तू तुझ्या पावलानं चाल, मी मागनं येतो. इथनं रोज जमेल का, शाळा भरायच्या आत पोचतेस का बघू."
तिनं दप्तर काखेत मारलं आणि निघाली. हे मागं, वहाणा हातात घेऊन, कारण वाटेत ओढ्याला पाणी आहे. ओढ्यात तिला उचललं नाही, हात धरून दगडावरून नेलं. पलीकडच्या चढावर ती थांबली. दमली असं वाटलं. पण पायातला काटा काढत होती. मग पुन्हा चालू लागली.
बाभळींच्या आड गेल्यावर दिसेनाशी झाली दोघं. ऊन आता चांगलं वर आलंय, शाळा भरली असेल. पोचली की नाही ते हे संध्याकाळी येऊन सांगतील. आले तर.