उघडण्याआधी विचारा

१४ तारीख, रविवार दुपार

चि. गुंड्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. बाबांचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ते स्वतः त्याहून जास्त कुरकुरतात, म्हणजे तब्येत ठीक आहे. लहानपणी तू गोलमटोल होतास म्हणून तुझं हे नाव पडलं. तुरुंगाच्या पत्त्यावर ते लिहिताना हात जरा थबकला, पण दुसऱ्या कुठल्या नावाने पत्र सुरूच होईना. तुझ्याआधी तिथले साहेब हे वाचतील, त्यांनाही माझा नमस्कार.

भेटीला येते तेव्हा मधल्या काचेपाशी आपण दोघंही ‘जेवलास का’, ‘झोप लागते का’ याच्या पुढे जात नाही. भेटीची वेळ संपते आणि मी बसमध्ये बसून उरलेलं मनातल्या मनात बोलते. या वेळी बोलायचं बरंच साठलंय, म्हणून लिहायला बसले.

तर बातमी संगणकाची आहे. तुझा संगणक पोलिसांनी नेला तो नेलाच. मी जुन्यातला एक घेतला. आत्या म्हणाली, “वहिनी, पुन्हा ती पीडा घरात कशाला?” पण माझं काम त्याच्यावरच चालतं. आपला फोटो स्टुडिओ बंद झाल्यापासून लोक फाटके, डागाळलेले, बुरशी चढलेले फोटो घरीच आणून देतात आणि मी ते स्कॅन करून भेगा बुजवते, पुसलेले डोळे पुन्हा काढते. कुणाचे वडील, कुणाची बहीण, कुणाचं राहिलं नाही ते घर. असं सगळं ज्या पेटीत ठेवायचं, ती राखायला नको?

मी काय काय करते ते ऐक, आणि हसू नकोस. रोजच्या कामाचं खातं वेगळं ठेवलंय, त्यातून नवा प्रोग्रॅम घालता येत नाही. घालायचाच तर दुसरा पासवर्ड लागतो, आणि तो टाकेपर्यंत माणसाला विचार करायला वेळ मिळतो. अपडेट आला की लगेच करू देते; मग बाबांना बातम्या बघायच्या असल्या तरी ताटकळावं लागतं. व्हायरस शोधणारा प्रोग्रॅम आहेच. आणि दर आठवड्याला सगळ्या फोटोंची नक्कल एका बाहेरच्या डिस्कवर करते. नक्कल झाली की डिस्कची वायर काढून ती कपाटात स्वेटरच्या घडीत ठेवते. बाबा विचारतात, “तिला थंडी वाजते का?” मी सांगते, जोडून ठेवली तर संगणकाला जो रोग होईल तोच तिलाही होईल.

हे मी कुठे शिकले, ते पुढे सांगते.

मागच्या महिन्यात घड्याळवाल्या काकांचा मेल आला. तेच, कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करतात ते. त्यांच्या बायकोचे, म्हणजे आपल्या काकूंचे सगळे फोटो मी मागेच नीट करून त्यांच्या संगणकावर घालून दिले होते. काकू गेल्यापासून दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते फोटो बघत बसतात. मेलमध्ये लिहिलं होतं, ‘आदरणीय महोदया, सोबतचा फोटो तातडीने पाहावा.’ मी खुर्चीत मागे टेकले. काका मला आयुष्यात कधी महोदया म्हणाले नाहीत. ते मला ‘अहो फोटोवाल्या’ म्हणतात. आणि सोबतच्या फाइलच्या नावात फोटो हा शब्द होता, पण नावाचं शेपूट, म्हणजे टिंबानंतरची अक्षरं, फोटोचं नव्हतं, प्रोग्रॅमचं होतं.

मी ती उघडली नाही. चपला घातल्या आणि कोपऱ्यावर गेले.

काका दुकानात डोक्याला हात लावून बसले होते. समोरच्या पडद्यावर लाल पाटी, तुमच्या फाइली कुलूपबंद केल्या आहेत, पैसे भरा. त्यांनी सकाळी असाच कुणाचा तरी मेल उघडला होता, आणि आता त्यांच्या नावाने तो ओळखीच्या प्रत्येकाला चालला होता. “हिचा एकही फोटो उघडत नाही हो,” ते म्हणाले. मग म्हणाले, “असलं काही बनवणाऱ्याला आई-बाप नसतील का?”

मी खाली बघून त्यांच्या संगणकाची इंटरनेटची वायर काढली.

काकांच्या ओळखीचे म्हणजे आपली सगळी गल्ली. फोन करत बसण्यापेक्षा मी दारोदार जायचं ठरवलं. औषधवाल्या वहिनींनी ती फाइल अजून पाहिली नव्हती. तिसऱ्या मजल्यावरचे वकील म्हणाले, “मी उघडलीच नसती,” पण मी जिने उतरेपर्यंत ती नीट पुसायची कशी हे विचारायला मागे आले. मग शाळेच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्यांच्या घरच्या संगणकावर पोरांच्या वर्षभराच्या निकालाचं काम चाललेलं होतं. मेल समोर उघडाच होता आणि त्यांचा हात माऊसवर.

“उघडू नका,” मी दारातूनच म्हणाले.

“का? काकांनीच पाठवलंय.”

“काकांनी नाही. त्यांना विचारून आले.”

त्यांनी चष्मा काढला. तुला आठवत असतील त्या तशाच आहेत, उत्तर मिळेपर्यंत नजर हलवत नाहीत. “तुम्हाला यातलं इतकं कसं ठाऊक?”

आता इथे तुला एक गोष्ट सांगायला हवी, जी मी इतके दिवस काचेपलीकडून सांगितली नाही. गल्लीत तू जहाजावर नोकरीला आहेस. बाबांनी पहिल्याच आठवड्यात कुणाला तरी असं सांगून टाकलं आणि मग ते जहाज चालतच राहिलं. लोक विचारायचे, आता कुठल्या बंदरात आहे? बाबा नकाशा बघून ठेवायचे. मी मान डोलवायचे. खटला दूरच्या शहरात चालला, पेपरातलं कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आमचं निभावलं.

बाईंच्या दारात उभी असताना मला जहाज आठवलं. ‘पेपरात वाचलं’ असंही म्हणता आलं असतं. पण समोर त्यांचा हात अजून माऊसवर होता, आणि ऐकीव गोष्ट म्हणून सांगितलं असतं तर त्या मी गेल्यावर फाइल उघडून बघणारच होत्या. मी म्हणाले, “बाई, माझा मुलगा जहाजावर नाही. तो तुरुंगात आहे. त्याने आणखी दोघांबरोबर असाच एक व्हायरस बनवला होता. तो कसा चालतो हे त्याने कोर्टात सांगितलं तेव्हा मी तिथे बसले होते. म्हणून मला ठाऊक आहे.”

बाईंनी हात उचलला. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. “बसा,” म्हणाल्या. “आणि आता मी काय करायचं ते एकेक करून दाखवा.”

गुंड्या, तो कोर्टातला दिवस. तुझ्या वकिलाने तोंड उघडू नकोस म्हणून सांगितलं होतं, शिक्षा वाढेल म्हणाला होता. तू उभा राहिलास आणि सगळं सांगितलंस. कुलूप कसं लावलं, किल्ली कुठे ठेवली, तुम्ही बंद पाडलेल्या त्या दवाखान्याच्या फाइली कशा उघडतील. आणि न्यायाधीशबाईंनी विचारलं, लोक फसतात कसे, तेव्हा तू म्हणालास, “माणूस घाईत असतो. आमचं सगळं त्या घाईवर चालतं. उघडण्याआधी कुणी एकदा विचारलं असतं तर आमचं काहीच चाललं नसतं.” त्या दिवशी लाजेने माझी मान वर होत नव्हती, पण कान तुझ्याकडेच होते. माझं संगणकाचं शिक्षण म्हणशील तर तेवढंच; बाकीचं पुस्तकातून जोडून घेतलं.

त्या दिवशीच तुला सांगायला हवं होतं, ते आज सांगते. मला तुझा अभिमान वाटला. केलंस त्याचा नाही. उभा राहिलास त्याचा.

काकांचं पुढे काय झालं ते राहिलंच. त्यांच्या संगणकावरचं काही वाचलं नाही, पण काकूंचे फोटो माझ्या डिस्कवर होते. त्यांचा संगणक पुसून स्वच्छ करून घेतल्यावर मी डिस्क घेऊन गेले. पहिला फोटो उघडला, काकू गच्चीवर केस वाळवतायत तो. काका बघत राहिले. मी त्यांनाही तुझं सांगितलं. त्यांच्या त्या आई-बापाच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं आणि ते न देता घरी जाववेना.

ते फोटोवरून नजर न काढता म्हणाले, “त्याने किल्ली दिली म्हणता? मग कुणाला तरी त्यांचं सामान परत मिळालं असेल.” थोड्या वेळाने म्हणाले, “मी त्याला माफ-बिफ केलं असं मात्र लिहू नका.” म्हणून लिहीत नाही. पण मी निघताना त्यांनी बाबांचं बंद पडलेलं घड्याळ दुरुस्तीला मागून घेतलं.

बाबांना बातमी रस्त्यात कळली. घरी आले, टोपी खुंटीला लावली, बसले. मी वाट बघत होते.

“काय सांगितलंस?”

“खरं ते.”

“मग मलाही एकदा नीट सांगून ठेव. दोघांचं बोलणं एक असलेलं बरं.” असं म्हणाले आणि तो नकाशा घडी करून रद्दीत टाकला.

मोठ्या बाईंनी पुढाकार घेऊन वाचनालयात रविवार सकाळचा वर्ग ठरवला. शिकवायला मी. आज दुसरा होता. खुर्च्या कमी पडल्या, वकील खिडकीच्या कट्ट्यावर बसले. मी मेल कसा ओळखायचा ते दाखवलं, डिस्कची वायर का काढायची ते सांगितलं, स्वेटरवर सगळे हसले. एक नवीन बाई आल्या होत्या, पलीकडच्या रस्त्यावरच्या. त्यांनी विचारलं, “तुम्ही हे कुणाकडून शिकलात?”

मी फळ्याकडून वळेपर्यंत मागून बाबांचा आवाज आला. ते उभे राहिले होते, कुरकुरणाऱ्या गुडघ्यावर, काठीशिवाय. “आमच्या मुलाकडून,” ते म्हणाले. “त्याने कोर्टात सांगितलं. सगळ्यांसमोर.”

तू आत गेल्यापासून त्यांच्या तोंडून ‘आमचा मुलगा’ हे शब्द मी ऐकले नव्हते, जहाजाच्या गोष्टीतसुद्धा ते ‘तो’ एवढंच म्हणायचे. त्या नवीन बाईंनी ते वहीत लिहून घेतलं, काय लिहिलं कोण जाणे. मी पुढचं शिकवायला लागले, आवाज थोडा वर गेला होता इतकंच.

तर आता तुला काम आहे. लोक मला फोनवर येणाऱ्या लिंकांबद्दल विचारतात आणि तिथे माझं ज्ञान संपतं. फसवणारा कसा विचार करतो ते तुला येतं. ते लिहून पाठव, सोप्या भाषेत, वकिलांनाही कळेल असं. तिथल्या साहेबांनी वाचलं तर त्यांच्याही उपयोगाचं आहे. मी वर्गात तुझ्या नावाने वाचून दाखवीन.

पुढच्या भेटीला आम्ही दोघं येतोय. बाबांना काचेची सवय नाही, पहिल्यांदा काही बोलणार नाहीत. तू बोल.

ज्याच्या नावाने आता वर्ग चालतो,
त्याची आई