बोटीत पाणी शिरतंय

माळेगाव, १२ मार्च १९५७

मुंबईच्या एका बोटीवर फिटरची जागा मिळतेय. स्पेनच्या बंदरांत दुरुस्तीची कामं, म्हणून तिथली भाषा घोकतोय. 'एल बार्को आसे आग्वा', म्हणजे बोटीत पाणी शिरतंय. साखर कारखान्यात उसाच्या चरकाच्या आवाजातसुद्धा हेच म्हणत होतो.

आज आबांनी, पोरानं जावं का, म्हणून देवाच्या मूर्तीला उजवी-डावीकडं दोन कळ्या पाण्यानं चिकटवून कौल लावला. उजवी कळी पडली. म्हणजे जा. "नीट चिकटली न्हवती," म्हणून पुन्हा लावली. परत उजवीच. मग उजवी चांगलं पाणी लावून दाबली, तेव्हा डावी पडली.

"देवच न्हाय म्हनतोय. आमी काय करनार?"

मग विचारलंच कशाला? कौल मोडून मी जाणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक.

जेवताना तोंडातून निघालं, एल बार्को आसे आग्वा.

"काय म्हनलास?" आबांनी विचारलं.

"काय न्हाय. जेवा तुमी."