स्वस्थ बसण्याची मुभा

१४ ऑक्टोबर

ती. ताई,

नमस्कार. इकडे सगळे ठीक. तुझ्या कंबरेचं काय झालं ते कळव.

बाबांच्या खोलीत पालिकेच्या योजनेतलं यंत्र बसून सहा आठवडे झाले. ठरावीक वेळ हालचाल दिसली नाही, तर कार्यालयात इशारा जातो. पालिकेचा माणूस अंदाजानेच भोक पाडणार होता. मी ड्रिल काढून घेतलं. जमिनीपासून दोन मीटर दहा, पंख्यापासून लांब.

"कुठल्या कॉलेजात शिकलात?"

"कुठल्याच नाही. म्हणून मोजून करतो."

दुपारी तीनला खिडकीतलं ऊन समोरच्या भिंतीवर चढतं. बाबा बघत बसतात. गेल्या महिन्यात एकदा म्हणाले, "उजेड पिवळा झाला की तुझी आई इथेच बसल्यासारखी वाटते. हललो की जाते रे." मी भेटायला गेलो होतो, मीही अर्धा तास हललो नाही. ऊन कपाटावर गेलं, मग छताला लागलं. घर पाण्याखाली असल्यासारखं वाटत होतं.

आता बाबा दर थोड्या वेळाने यंत्राला हात दाखवतात.

"हे काय?"

"हजेरी! नाहीतर नेतील ना मला."

महिन्यात तीन इशारे गेले, म्हणून 'एकट्याने राहण्यास असमर्थ' असा शेरा पडला आणि वृद्धनिवासाचं संमतीपत्र तुझ्याकडे आलं. यंत्रच भिकार आहे असं मी तुला फोनवर सांगितलं.

यंत्र उत्तम आहे, ताई. त्याची इशाऱ्याआधीची मुदत पंचेचाळीस मिनिटांची होती, ती मी पंधरावर आणली. म्हटलं, जितकं काटेकोर तितकं सुरक्षित. बाबा पडले नव्हते, बेशुद्ध नव्हते. नुसते बसले होते. कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, "मुदत कोणी बदलली?" मी म्हणालो, "कल्पना नाही." एवढ्या वर्षांत माझ्या कामात कोणी खोट काढली नव्हती, आणि ते नाव मला बाबांपेक्षा मोठं वाटलं.

आज कार्यालयात जाऊन, मुदत मीच बदलली असं स्वतःच्या हाताने लिहून दिलं. बाई म्हणाल्या, "आधी नाही का सांगायचं?" शेरा मागे घेता येईल, पण शुक्रवारपर्यंत तुझंही पत्र हवं. संमतीपत्रावर सही केली असलीस, तर ते फाडून टाक.

मुदत पुन्हा पंचेचाळीस केली आहे. बाबांना अजून खरं वाटत नाही. बसल्या बसल्या मला विचारतात, "आता किती वेळ बसलो तर चालेल?"

तू एकदा फोन करून सांग त्यांना. माझ्या सांगण्यावर त्यांचा भरवसा उरलेला नाही.

चुकलेला,
तुझा भाऊ