डाव्या दारावरचे तीन टवके

शनिवार, ३ मे. अलेक्झांड्रिया.
आज इजलालच्या गाडीचं दार माझ्या हातून इमारतीच्या लोखंडी फाटकावर आपटलं, आणि मी तिला सांगितलं की बाजारात कुणीतरी ठोकून गेलं. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून नेमकं काय बोलले ते लिहून ठेवणं भाग आहे. तीन टवके, मसुरीएवढे. इजलाल माझी धाकटी बहीण. मोतीबिंदूमुळे तिला दिसलेही नसते. मी आपणहून सांगितलं. म्हणजे लपवलेलं काहीच नाही. फक्त जागा आणि माणूस बदलला.
गाडी विकून ती डोळ्यांचं ऑपरेशन करणार आहे. टवके मी घरीच बुजवीन.

रविवार, ४ मे.
रंगाची बाटली आणली. दुकानदार गाडीवरचा रंगाचा नंबर विचारत होता. पांढरा म्हणजे पांढरा, असं त्याला बजावलं. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे.

मंगळवार, ६ मे.
पॉलिश पेपरने घासलं. टवके स्वच्छ झाले. नाण्याएवढेही झाले. पाया चांगला हवाच.

बुधवार, ७ मे.
बाटलीवर लिहिलंय, तीन पातळ थर द्या, मध्ये वाळू द्या. मी तिन्ही एकदम दिले. रखवालदार बयूमी चहाचा पेला घेऊन बघत उभा. म्हणाला, अब्लाताई, दार दुधाचं आणि हे ठिगळ लोण्याचं. त्याला जिना झाडायला पाठवलं.
दुपारी वाळवंटाकडून खमसीनचा वारा सुटला. ओल्या रंगात वाळू बसली. उद्या इजलालला सगळं सांगायचं. नक्की.

गुरुवार, ८ मे.
सांगितलं नाही. तिने माझ्यासाठी द्राक्षाची पानं भात घालून भरली होती, चाचपडत. जेवताना असे विषय काढू नयेत. वर म्हणाली, तू आहेस म्हणून गाडीची काळजी नाही. दोनच पानं खाल्ली.

शनिवार, १० मे.
गिऱ्हाईक रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन आलं. डाव्या दारावर थांबलं. म्हणालं, हाजाबाई, नुसते टवके असते तर चाललं असतं. टवका म्हणजे रंग कारखान्याचाच, याची खूण. हे दार रंगवलंय, म्हणजे काय काय झाकलं असेल देव जाणे. निघून गेलं.
इजलालने दारावरून बोट फिरवलं. म्हणाली, बाजारातला तो माणूस भला दिसतो. ठोकलं आणि रंगही लावून गेला.

रविवार, ११ मे.
तोंडाने सांगवेना. ही वही नेली आणि ३ तारखेचं पान तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, फाटकाचं बयूमीने त्याच दिवशी सांगितलं होतं, तू कधी बोलतेस तेवढं बघत होते. पुढचं वाच. सगळं वाचलं. लोण्याच्या ठिगळाला ती हसली. द्राक्षाच्या पानांपाशी नाही हसली.
तिच्या हाती दिलं: किल्ल्या दोन, गाडीचा परवाना, रंगाची अर्धी बाटली, ऑपरेशनसाठी माझ्या सोन्याच्या बांगड्या दोन. वहीही मागते आहे. डोळे बरे झाले की स्वतः तपासणार म्हणे. ही ओळ लिहून देते.