बुद्धिबळाच्या फाँटमधील उंटास मान्यता मिळण्याबाबत

प्रति,
मा. उपसंचालक,
चिन्ह-संकेतन व फाँट मान्यता कक्ष,
पुणे

विषय : युनिकोडमधील बुद्धिबळ-चिन्हांच्या ‘विमला’ फाँटमधून उंट हटवू नये याबाबत.
संदर्भ : आपले तिसरे त्रुटीपत्र, दि. २ जून २०२५.

महोदय,

अर्जदार रामकृष्ण लघाटे, वय ६७, हा झाशीजवळ बिजौलीच्या कारखान्यात औषधांच्या खोक्यांवरची अक्षरे आखून निवृत्त झाला. त्याच्या थोरल्या भगिनी विमलाबाई, वय ८१, यांनी जन्मभर बुद्धिबळाची कोडी रचली. त्यांची नजर शाबूत आहे तोवर त्यांचे पुस्तक निघावे, एवढीच अर्जदाराची घाई. परंतु मान्यता नसलेला फाँट प्रकाशक घेत नाहीत.

अर्जदाराने आधी तयार फाँट धुंडाळले. एकात घोड्याचे गाढव झालेले; दुसऱ्याचा कर्ता कोण, वापरायची परवानगी कोणाकडे मागायची, याचा थांगपत्ता नाही. मोबाइलवर तर बाकी मोहरे रेखीव आणि काळे प्यादे तेवढे इमोजी होऊन टरारून फुगलेले. विमलाबाई म्हणाल्या, “रामकृष्णा, हे प्यादं की भरलं वांगं?” सबब अर्जदाराने बाराही चिन्हे स्वतः काढली.

पहिल्या पत्राने आपण चित्रांचा स्रोत विचारलात. अर्जदाराने खरेपणाने कळवले, की उंट झाशी जिल्ह्यातल्या एरच गावी एक गाडी ओढताना दिसला तो पाहून काढला. दुसऱ्या पत्राने आपण त्या उंटाच्या मालकाची संमती मागितलीत. अर्जदार गुरसरायला बस बदलून पुन्हा एरचला गेला. मालकाने अंगठा दिला. उंटाने अर्जदाराची टोपी खाल्ली. तीही संमतीच समजावी.

तिसऱ्या पत्रात आपण म्हणता, की मानकात या मोहऱ्याचे नाव ‘बिशप’ आहे. तेव्हा उंट कोणालाच ओळखू येणार नाही, शिवाय धर्मगुरूंच्या भावना दुखावतील. अर्जदार त्याच दुपारी घराजवळच्या चर्चमध्ये फादर आशिष यांच्याकडे गेला. ते पोट धरून हसले. म्हणाले, “लघाटेजी, बेझिझक ऊँट बनाइए। बोझा तो हम भी ढोते हैं।” तसे त्यांनी लेखीही दिले.

आता अडचणीचा मुद्दा, आणि तो अर्जदारास नाइलाजाने मांडावा लागतो. अर्जाला विमलाबाईंच्या एका कोड्याचे नमुना-पान जोडले होते. तिसऱ्या पत्रासोबत ते परत आले, त्यावरील कोड्याच्या कडेला आपल्या सहीशी तंतोतंत जुळणाऱ्या हस्ताक्षरात, पेन्सिलीने, असे आहे : “उंट सी-४. राजा कोपऱ्यात. पुन्हा उंट. तीन चालींत मात?” जो उंट कोणालाच ओळखू येणार नाही, तो आपण दोनदा चालवलात.

ते पान वाचून विमलाबाई उठून बसल्या. “पुण्यात एक साहेब कचेरीचं काम टाकून माझं कोडं सोडवतोय,” म्हणाल्या, “म्हणजे पुस्तक निघालंच समज.” त्या दिवशी त्या दोन पोळ्या जास्त जेवल्या. त्यांची ही आशा मोडून टाकण्याचे धैर्य अर्जदारात नाही.

तरी उंटास आहे तसा मान्य करावा, ही विनंती. विमलाबाईंचा निरोप वेगळा आहे : मात दोनच चालींत होते, साहेबांनी घोड्याकडे पाहिलेलेच नाही.

आपला नम्र, परंतु चिवट,
रामकृष्ण लघाटे
झाशी, दि. १९ जून २०२५

सोबत : १) उंटमालकाचा अंगठा. २) फादर आशिष यांचे ना-हरकत पत्र. ३) पेन्सिलीच्या पानाची छायाप्रत. (मूळ पान विमलाबाई देत नाहीत.)